बदली खेळाडू

विनिता सावेला हॉकीचं वेड शाळेपासूनचं. आगाशीहून सायकल मारत ती नंदाखालला चर्चमागच्या मैदानावर यायची आणि तिथल्या मुलींबरोबर अंधार पडेपर्यंत खेळायची. त्या मुलींमधली सालोमी तिची जिवाभावाची मैत्रीण. पुढे सालोमीचं लग्न गावातच सॅन्टन रुमावशी झालं, विनिता लग्न करून वसईला फ्लॅटमध्ये राहायला आली, मुंबईला नोकरी करू लागली, आणि दोघींच्या स्टिक माळ्यावर गेल्या. सालोमीच्या मुलाने, कॉन्रॅडने, मात्र आईची स्टिक सहाव्या वर्षीच खाली काढली होती. एकविसाव्या वर्षी तो देशातल्या नव्या लीगमध्ये खेळायला लागला तेव्हा टीव्हीवर त्याला पहिल्यांदा बघताना दोघी मैत्रिणी सोफ्यावर शेजारी बसून हात धरून रडल्या होत्या.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, पापडीच्या क्लबात क्रिकेटची फँटसी, म्हणजे कागदावरच्या संघांचा खेळ, खेळून कंटाळलेली काही मंडळी होती. त्यांना विनितानेच सुचवलं, "हॉकीची करूया की. टीव्हीवर मॅचेस आहेत, बघतंय कोण? आपण तरी बघू."

लोकांना खेळ समजावा, खेळाडूंची नावं तोंडी बसावीत, एवढाच तिचा हेतू होता. नियम तिनेच बसवले. आठ जणांचे आठ संघ. खऱ्या लीगमधले खेळाडू सगळ्यांनी आळीपाळीने निवडायचे. चिठ्ठीत ज्याचा पहिला नंबर येईल त्याने पहिल्या फेरीत आधी निवडायचं आणि दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे अन्याय नको. एक खेळाडू एकाच संघात. मग तो खेळाडू टीव्हीवर जसा खेळेल तसे तुमचे गुण. गोल केला, गोलला पास दिला, तर गुण. पिवळं कार्ड मिळालं तर वजा. कुणीच न निवडलेले खेळाडू 'मोकळे'. दर सोमवारी तळातल्या संघाला मोकळ्यांमधून पहिली निवड. तुमचा खेळाडू जखमी झाला तर मात्र सोमवारची वाट न बघता बदली घेता येईल, पण शुक्रवारी रात्री आठच्या आत सगळ्यांना कळवायचं, आणि दुखापतीची बातमी खात्रीलायक ठिकाणाहून आलेली हवी.

एक नियम तिने हट्टाने घातला. शॉर्ट कॉर्नरच्या, म्हणजे फाऊलबद्दल समोरच्या संघाला गोलवर मिळणाऱ्या फटक्याच्या, वेळी गोलजाळीतून सगळ्यात आधी बॉलवर धावून जातो तो रशर. समोरून ताशी शंभरच्या वर वेगाने येणारा बॉल तो अंगावर घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव नसतं. "रशरने कॉर्नर अडवला की तीन गुण," ती म्हणाली. कॉन्रॅड रशर होता.

जिंकणाऱ्याला फिरता कप आणि हरणाऱ्याने सगळ्यांना जेवण द्यायचं, एवढंच बक्षीस. विनिताला सगळे 'कमिशनर मॅडम' म्हणायला लागले. तिलाही ते सुरुवातीला आवडलं.

कॉन्रॅडला निवडलं संग्राम भोइटेने. हा मूळचा साताऱ्याकडचा, विमा कंपनीत अधिकारी, वसई रोडला फ्लॅट. हॉकीची स्टिक त्याने आयुष्यात हातात धरली नव्हती, पण आकडे पाठ. कॉन्रॅड सुट्टीत घरी आला तेव्हा हा मुद्दाम नंदाखालला जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारून आला. "धाव रे बिनधास्त. तू एक कॉर्नर अडवलास की मला तीन पॉइंट."

कॉन्रॅड हसला होता. विनिताही हसली होती.

महिनाभरात तिचं हसणं कमी झालं. ऑफिसात फोन यायला लागले. "मॅडम, तो पास धरणार ना? बॉल मध्ये कुणाच्या तरी स्टिकला लागला, मी रिप्ले पाहिलाय." जितेश म्हणून एक ट्रॅव्हल एजंट होता, त्याचा संघ कायम तळाला. दुसऱ्याच्या संघातल्या खेळाडूला पिवळं कार्ड मिळालं की तो क्लबात टाळ्या वाजवायचा. एकदा टीव्हीवर भारताचा एक जुनाजाणता फॉरवर्ड मांडी धरून मैदानावर लोळत होता आणि बेटी टीचर, नंदाखालच्या शाळेत मुलांना मूल्यशिक्षण शिकवणारी बाई, खुर्चीतून उठून म्हणाली, "उठू नको, उठू नको, झोपून राहा!" सगळे खो खो हसले. विनिताने हातातला बटाटेवडा तसाच बशीत ठेवला. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण बोलली नाही. खेळ आहे, ती स्वतःला म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी हैदराबादला कॉन्रॅडच्या टीमची मॅच होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्या टीमला शॉर्ट कॉर्नर मिळाला. कॉन्रॅड जाळीतून बाणासारखा सुटला. समोरच्याची फ्लिक बसली, बॉल वर उठला आणि कॉन्रॅड एकदम खाली कोसळला. बॉल अडला होता. समालोचक "काय अडवलाय!" असं ओरडला आणि मग गप्प झाला. कॅमेऱ्याने दुसरीकडे बघायला सुरुवात केली आणि लगेच जाहिरात लागली.

जाहिरात संपायच्या आत विनिताच्या मोबाइलवर संग्रामचा मेसेज आला. 'अडवला! तीन पॉइंट धरा.'

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फक्त स्कोअर होता. टीमच्या मॅनेजरने आदल्या रात्रीच सालोमीला फोन करून सांगितलं होतं की डोळ्याजवळ लागलंय, सूज आहे, काळजी करू नका. सॅन्टन रात्रीच मिळेल त्या गाडीने हैदराबादला गेला. बागेत पाणी, गुरं, घर सगळं सालोमीवर टाकून गेला, त्यामुळे ती मागे राहिली. विनिता तिला सारखा फोन करत होती. "सॅन्टन म्हणतो, सूज उतरली की बघू," सालोमी सांगायची. "त्याचा आवाज जरा वेगळाच वाटतो गं, पण दगदग झाली असेल."

शुक्रवारी विनिताने ऑफिसातून अर्धी रजा घेतली होती. घरी भाजी निवडत बसली होती, तेव्हा मोबाइल वाजला. मेसेज संग्रामचा होता, एकट्या तिला नाही तर लीगमधल्या सगळ्यांना.

'कॉन्रॅड बाद. डावा डोळा कायमचा गेला. हॉस्पिटलमधून खात्री केली आहे. बदली जाहीर करतो. वेळ सात चाळीस, नोंद घ्यावी.' आणि खाली बदली खेळाडूचं नाव. मोकळ्यांमधला तोच एक चांगला रशर उरला होता.

विनिताने तो मेसेज दोनदा वाचला. मग सालोमीला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. ती चपला घालून खाली आली आणि रिक्षा करून नंदाखालला निघाली. रस्ताभर तिच्या मनात एकच होतं: सालोमीला हे माहीत आहे का?

सालोमी ओट्यावर बसली होती. फोन मांडीत. दिवा लावला नव्हता.

"बेटी टीचरचा फोन आला," तिने विनिताकडे न बघता सांगितलं. "म्हणाली, सालोमी, धीर धर, एका डोळ्यानेही माणसं जगतात. मी म्हटलं, टीचर, कुणाचा डोळा? कुणाबद्दल बोलताय तुम्ही?"

विनिता तिच्या शेजारी खाली बसली.

"मग सॅन्टनला लावला. तो बोललाच नाही. नुसता रडत राहिला. त्याला तिथे पोचल्यापासून ठाऊक होतं. मला फोनवर नव्हतं सांगायचं त्याला. पोराला घेऊन येणार होता आणि माझ्याजवळ बसून सांगणार होता. टीचरला कुणी सांगितलं गं? आमच्या घरात माहीत नाही ते टीचरला कसं माहीत?"

विनिताने मेसेज दाखवला नाही. सांगितलं मात्र सगळं. फँटसी, बदली, शुक्रवारी आठची मुदत. बोलता बोलता तिला स्वतःचेच शब्द घाणेरडे वाटायला लागले. सालोमी ऐकत होती, आणि हळूहळू तिला काहीतरी उमगत गेलं.

"तो आला होता दुपारी," सालोमी म्हणाली. "तुमच्या क्लबातला, भोइटे. सफरचंदं घेऊन आला. किती गोड बोलला. म्हणाला, माझ्या ओळखीचे मोठे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी तिकडे बोलून बघतो. हॉस्पिटलचा नंबर मीच दिला, विनिता. चहा केला त्याला. मी देवाच्या आल्तारीपुढे मेणबत्ती लावली तर तोही उठून उभा राहिला माझ्याजवळ. हात जोडून, डोळे मिटून."

 विनिता उठून अंगणाच्या कडेला गेली आणि केळीच्या बुंध्याला हात टेकून उभी राहिली. उलटी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

परत आली तेव्हा सालोमीने आतून सफरचंदांची पिशवी आणून ओट्यावर ठेवली होती. "ही ने इथून. गुरांनाही घालू नको."

विनिताने ती शेणखताच्या खड्ड्यात रिकामी केली. लाल, चकचकीत, एकेकाला स्टिकर लावलेली फळं. मग ती रात्री सालोमीजवळच राहिली.

रविवारी सकाळी क्लबात सगळे जमले, कारण जितेशने तक्रार केली होती. तो बदली रशर जितेशला हवा होता. संग्रामची बदली रद्द झाली तर सोमवारी तळातला म्हणून पहिली निवड जितेशचीच.

"खात्रीलायक ठिकाण म्हणजे टीम किंवा पेपर," जितेश म्हणाला. "हॉस्पिटल कसं चालेल? उद्या कुणीही म्हणेल मी हॉस्पिटलला फोन केला."

"हॉस्पिटलपेक्षा खात्रीलायक काय असतं?" संग्राम हसला. "मी स्वतः सिस्टरशी बोललोय. नाव पण घेऊन ठेवलंय तिचं."

चंद्रहास चुरी त्यांच्यात वयाने मोठे, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी चष्मा पुसला. "शब्द नीट बघावे लागतील. सिस्टर काय म्हणाली? डोळा गेला म्हणाली, की दृष्टी गेली म्हणाली? दृष्टी काही वेळा परत येते. मग ती तात्पुरती दुखापत."

"काढावा लागणार म्हणाली, काका. काढावा."

"मग कायमची. मग बदली वैध, माझ्या मते."

"पण वेळ!" जितेश ओरडला. "माझ्या फोनवर मेसेज आठ वाजून दोन मिनिटांनी आला!"

"ते नेटवर्कचं. मी पाठवला कधी ते बघा."

दोघांनी आपापले मोबाइल टेबलावर ठेवले आणि चंद्रहासकाका वाकून दोन्ही पडदे वाचू लागले. बेटी टीचर कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. पण तीही उठून गेली नव्हती. मधल्या टेबलावर वड्यांची परात होती आणि वाद घालता घालता हात तिकडे जात होते. विनिता ते हात बघत राहिली. तेलकट बोटं, चटणी लागलेली तोंडं, आणि त्या तोंडांतून येणारा एकच शब्द, डोळा, डोळा, डोळा.

"मॅडम, तुम्ही सांगा," जितेश म्हणाला. "कमिशनर तुम्ही."

विनिता उभी राहिली. "शुक्रवारी नंदाखालला काय झालं ते आधी ऐका," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. काही वाढवलं नाही, काही सोडलं नाही. सालोमीला कुणाकडून कळलं, सॅन्टन फोनवर कसा रडला, चहा, मेणबत्ती, मिटलेले डोळे. ती बोलत होती तोवर कुणी हललं नाही. बेटी टीचर रुमाल तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. संग्राम छताकडे बघत होता.

तिचं संपलं. 

"वाईट झालं," जितेश म्हणाला. "फारच वाईट झालं. तसं व्हायला नको होतं." त्याने टेबलावरचा आपला मोबाइल उचलला. "पण मग बदली धरायची की नाही?"

विनिताने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की राग येईल. राग आला नाही. कुजक्या मासळीच्या टोपलीवरून वारा यावा तशी नुसती शिसारी आली, आणि ती त्याच्यापुरती राहिली नाही. शॉर्ट कॉर्नरला धावणाऱ्या पोराची किंमत तीन, असं तिने स्वतःच्या हाताने ठरवलं होतं.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "मी आता कुणाची कमिशनर नाही."

"असं मध्येच कसं सोडता, मॅडम?" संग्राम म्हणाला. "सीझन अर्ध्यावर आहे. भावनेच्या भरात—"

"तुम्ही माझ्याशी बोलू नका."

ती पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा वरून चंद्रहासकाकांचा आवाज ऐकू येत होता. नवा कमिशनर नेमेपर्यंत मी काम बघतो, कुणाची हरकत आहे का, असं ते विचारत होते. कुणाची हरकत नव्हती.

महिनाभराने सॅन्टन कॉन्रॅडला घेऊन घरी आला. विनिता सुट्टीच्या दिवशी तिकडे जायची. कॉन्रॅड फार बोलत नसे. डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि चालताना डाव्या बाजूच्या वस्तू त्याला लागायच्या, खुर्ची, चौकट, बागेतली नळी. लागलं की तो हसायचा, आणि ते हसणं बघवत नसे.

अशाच एका दुपारी संग्राम स्कूटरवरून अंगणात उतरला. सोबत आमंत्रण होतं. लीगचा सीझन संपला होता, क्लबात कप द्यायचा कार्यक्रम होता आणि त्यात 'वसईचा वीर' म्हणून कॉन्रॅडचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता. कप अर्थातच संग्रामला मिळणार होता. बदली रशरने शेवटच्या आठवड्यात चार कॉर्नर अडवले होते.

सालोमी दारात आली आणि तिथेच थबकली. सॅन्टन बागेत होता. विनिता ओट्यावर बसली होती, ती उठली.

कॉन्रॅडने शांतपणे आमंत्रण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये सिस्टरने पप्पांना सांगितलं, तुमच्या मुलाच्या मामांचा फोन आला होता, फार काळजी करत होते. पप्पा म्हणाले, त्याला मामा नाही. माझ्या आईला भाऊच नाही. ते मामा तुम्हीच ना?"

संग्रामचा चेहरा क्षणभर पडला. मग सावरला. "अरे, तसं म्हणावंच लागतं. नातेवाईक नसेल तर सांगत नाहीत ना ते लोक. आणि मामा म्हटलं म्हणून काय बिघडलं? मामासारखाच आहे मी तुला."

 कॉन्रॅड वळून घरात जायला निघाला. दारात उभ्या असलेल्या आईला चुकवताना त्याचा डावा खांदा चौकटीवर जोरात आपटला.

"निघा," विनिता म्हणाली.

"मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंय. शेवटी खेळ आहे."

"निघा म्हटलं ना."

तो स्कूटरपाशी गेला. किक मारली. आणि निघता निघता, अगदी सहज, दुकानात राहिलेली वस्तू आठवावी तसा घराकडे तोंड करून ओरडला, "कॉन्रॅड, तुझ्या टीममध्ये तुझ्या जागी आता धावणार कोण रे? पुढच्या वर्षी घ्यायला बरं पडेल!"

सालोमीने पायातली चप्पल काढली. ती भिरकावायच्या आत स्कूटर वाटेला लागली होती. तिने चप्पल परत पायात घातली आणि अंगणात, जिथे स्कूटर उभी होती तिथे, बादलीभर पाणी ओतलं. मग आणखी एक बादली.

सत्काराला रुमावांकडचं कुणी गेलं नाही. शाल आणि नारळ चंद्रहासकाकांनी बेटी टीचरच्या हाती पाठवून दिलं. सालोमीने ते घेतलं नाही, आणि बेटी टीचर फाटकाबाहेर बराच वेळ तशीच उभी राहून परत गेली. पुढे दोन-एक वर्षं क्लबातली लीग चालली. टीव्हीवरची लीग बंद पडली तेव्हा ही पण आपोआप बंद पडली. त्यानंतर मंडळी पुन्हा क्रिकेटकडे वळली असं विनिताच्या कानावर आलं. तिला पापडीच्या त्या रस्त्याने जायची वेळ आली तर ती समोरच्या बाजूने जायची.

कॉन्रॅडने वर्षभर स्टिकला हात लावला नाही. मग एका उन्हाळ्यात चर्चमागच्या मैदानावर मुलांना शिकवायला लागला. त्याला अंतराचा अंदाज यायला वेळ लागायचा, कधी बॉल स्टिकखालून निसटायचा, मुलं हसायची. तोही त्यांच्याबरोबर हसायचा, आणि ते हसणं विनिताला बघवायचं. शॉर्ट कॉर्नरचा सराव घेताना मात्र तो कडक व्हायचा. तोंडावर मास्क बांधल्याशिवाय एकाही पोराला तो जाळीतून पुढे सोडायचा नाही.